लाकडी खांबाचे औषध तपासायचे कसे: हळदीच्या थेंबापासून दहा वर्षांच्या चाचणीपर्यंत

विजेचा किंवा टेलिफोनचा लाकडी खांब सगळीकडे सारखा कुजत नाही. जमिनीच्या पातळीपासून खाली साधारण ४५ सेंटिमीटरपर्यंतचा पट्टा आधी जातो. वरचे लाकूड बहुतेक काळ कोरडे असते, फार खोल हवा पोचत नाही. या मधल्या पट्ट्यात ओल आणि प्राणवायू दोन्ही मिळतात, आणि लाकूड खाणाऱ्या बुरशीला तेवढे पुरते. म्हणून औषधाची, म्हणजे कूज रोखायला लाकडात मुरवलेल्या रसायनाची, चाचणी प्रयोगशाळेत होवो की शेतात, शेवटी प्रश्न या पट्ट्याचाच असतो.

महाराष्ट्रात आता सिमेंटचे आणि लोखंडी खांबच जास्त दिसतात. अमेरिकेत मात्र वीजवाहिन्यांचे खांब आजही मोठ्या प्रमाणावर लाकडी आहेत, आणि चाचण्यांच्या सर्वांत तपशीलवार पद्धतीही तिथल्या अमेरिकन वुड प्रोटेक्शन असोसिएशनच्या मानकांत सापडतात. खाली मुख्यतः त्याच घेतल्या आहेत. भारतात याच कामासाठी आयएस ४०१ (लाकूड टिकवण्याची कार्यपद्धती), आयएस २७५३ (लाकडातले औषध मोजणे), आयएस ४८७३ (प्रयोगशाळेतील चाचणी) आणि आयएस ४८३३ (मैदानी चाचणी) ही मानके आहेत. जगभर खांबांना वापरले गेलेले तांबे-क्रोमियम-आर्सेनिकचे मिश्रण, म्हणजे सीसीए, हे मूळचे आपल्याकडचेच. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेशन यांनी ते १९३३ मध्ये तयार केले.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. औषध किती खोल गेले, किती प्रमाणात आहे आणि ते बुरशीला अडवते का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. एकाचे उत्तर मिळाले म्हणून दुसरे गृहीत धरले की चाचणी फसते.

किती खोल गेले: कांडी आणि रंग

नमुना काढायला इन्क्रिमेंट बोअरर नावाचे पोकळ गिरमिट लागते. ते फिरवत आत नेले की पेन्सिलीपेक्षा बारीक, साधारण ५ मिमी जाडीची लाकडाची अखंड कांडी हाती येते. गिरमिट खांबाच्या मध्याकडे, अगदी सरळ रोखा. तिरके गेले तर कांडीवरची लांबी खऱ्या खोलीपेक्षा जास्त दिसते. भेग, गाठ आणि औषध आत जावे म्हणून मुद्दाम पाडलेल्या चिरा यांच्यापासून दूर राहा. तिथे औषध नेहमीच खोल गेलेले असते आणि नापास खांब पास होऊन जातो.

गिरमिट आत जाताना बाहेरचे औषध ओढत नेते, त्यामुळे कांडीच्या गोल पृष्ठभागावर रंग सगळीकडे उमटू शकतो. कांडी उभी चिरा आणि आतल्या ताज्या, कोरड्या पृष्ठभागावर रंग पाहा.

तांबेयुक्त औषधासाठी ०.५ ग्रॅम क्रोम अझुरॉल एस आणि ५ ग्रॅम सोडियम ॲसिटेट ८० मिलि पाण्यात विरघळवा आणि पाणी घालून ५०० मिलि करा. हे द्रावण कांडीवर फवारले की तांबे असेल तिथे गडद निळा रंग येतो. चाचणी फार संवेदनशील आहे, अगदी थोडे तांबे असले तरी निळे दिसते. तेव्हा निळ्या रंगावरून औषध पोचल्याचे कळते, पुरेसे आहे की नाही ते कळत नाही.

बोरॉनसाठी हळद. स्वयंपाकघरातली हळद वापरून पाहण्याचा मोह होतो, पण भेसळ नसलेलीच घ्या, नाहीतर पिवळा रंग हळदीचा की दुसऱ्या कशाचा हे कळत नाही. पहिले द्रावण: १० ग्रॅम हळद ९० ग्रॅम इथाइल अल्कोहोलमध्ये मुरवून गाळून घ्या. दुसरे द्रावण: २० मिलि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल अल्कोहोलने १०० मिलि करा आणि त्यात सॅलिसिलिक आम्ल संपृक्त होईपर्यंत, म्हणजे सुमारे १३ ग्रॅम, विरघळवा. आम्ल अल्कोहोलमध्ये ओतायचे, उलटे नाही. कांडीवर पहिले द्रावण लावा, वाळू द्या, मग दुसरे लावा. काही मिनिटांत बोरॉन असलेला भाग पिवळ्याचा लाल होतो. किंचित ऊब दिली तर फरक अधिक स्पष्ट दिसतो. ओल्या लाकडावर रंग पसरतो आणि कडा पुसट होते, म्हणून कांडी आधी वाळवा. कोकणात बोरॅक्स-बोरिक आम्लात मुरवलेला बांबू तपासतानाही हीच हळदीची चाचणी चालते. तिथे पेराच्या मध्यावर आडवा काप घेऊन पाहावे, टोकाला नाही. टोकातून औषध सहज शिरते.

क्रिओसोट, म्हणजे डांबरातून काढलेले तेल, काळेच असते, त्याला रंग लागत नाही. तेलात विरघळवलेली फिकट औषधे डोळ्यांना तेलाच्या डागावरून दिसतात, पण तेल आणि औषध बरोबरीने गेलेच असेल असे नाही.

सदर्न पाइनच्या खांबात सुमारे ९० मिमी किंवा रसकाष्ठाच्या, म्हणजे बाहेरच्या फिकट लाकडाच्या, ९० टक्के खोलीपर्यंत औषध जाणे अपेक्षित असते. डग्लस फरमध्ये रसकाष्ठ पातळ आणि अंतःकाष्ठ, म्हणजे आतले लाकूड, औषधाला दाद न देणारे. तिथे पातळ कवचच मिळते. या फरकाचा त्रास पुढे होतो, तो शेवटच्या भागात आहे.

किती प्रमाणात आहे: मात्रा

मात्रा मोजताना पूर्ण कांडी दळायची नाही. ठरलेला पट्टाच कापून घ्यायचा. सदर्न पाइनच्या खांबासाठी तो पृष्ठभागापासून १३ ते ५१ मिमी, डग्लस फरसाठी साधारण ६ ते २५ मिमी. पट्टा चुकला की सगळे चुकते, कारण औषध बाहेर दाट आणि आत विरळ असते. बाहेरचे १३ मिमी चुकून आले तर आकडा फुगतो.

एका कांडीतून मिळणारे लाकूड किती? ५.१५ मिमी व्यास, ३८ मिमी लांबी, म्हणजे जेमतेम ०.८ घन सेंटिमीटर. म्हणून एका घाणीतल्या, म्हणजे एकाच वेळी टाकीत घातलेल्या, खांबांतून २० कांड्या घेऊन एकत्र दळतात. २० कांड्यांचे १६ घन सेंटिमीटर, म्हणजे साधारण ८ ग्रॅम लाकूड. एक्स-रे फ्लुरोसेन्स यंत्राला, म्हणजे क्ष-किरणांनी मूलद्रव्ये मोजणाऱ्या यंत्राला, एवढे पुरते.

यंत्र वजनाचे टक्के सांगते, मानक घनमीटरमागे किलो मागते. त्यासाठी टक्के भागिले १०० गुणिले लाकडाची कोरडी घनता. सदर्न पाइनची घनता ५१२ किलो प्रति घनमीटर धरली आणि सीसीएची लागणारी मात्रा ९.६ किलो असेल, तर औषधातल्या धातूंचे ऑक्साइड सुमारे १.९ टक्के यायला हवेत. यंत्राने १.५ दाखवले तर मात्रा ७.७ किलो, घाणी नापास. घनता पुस्तकातली वापरली की मोजलेली, ते अहवालात लिहा. एकच खांब दोन प्रयोगशाळांत पास-नापास होतो तेव्हा बऱ्याचदा कारण इथे सापडते.

एक्स-रे यंत्राला बोरॉन दिसत नाही, ते फार हलके मूलद्रव्य आहे. त्याला रासायनिक पृथक्करण लागते. क्रिओसोट टोल्युइनमध्ये उतरवून वजनाने मोजतात. पेंटाक्लोरोफेनॉलमधला क्लोरीन यंत्राला दिसतो, पण अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२२ मध्ये त्याची नोंदणी रद्द करण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे आता तांबे नॅप्थेनेट आणि डीसीओआय या तेलात विरघळणाऱ्या औषधांचे नमुने वाढले आहेत.

सीसीएच्या ताज्या खांबाची आणखी एक तपासणी करा. औषध लाकडात बसले का? सहा-संयुजी क्रोमियम बदलून लाकडाला चिकटेपर्यंत ते पाण्याबरोबर वाहू शकते. सौम्य गंधकाम्लातील क्रोमोट्रॉपिक आम्लाचे थेंब गाळणकागदावर टाकून त्यावर कांडी दाबा. जांभळट डाग उठला तर खांब अजून अंगणातून हलवायचा नाही. थंडीत हे बसणे दिवसांऐवजी आठवड्यांवर जाते.

बुरशीपुढे उभे करणे: मातीच्या बरणीची चाचणी

नवे औषध खांबापर्यंत पोचण्याआधी १९ मिमीच्या घनाकार ठोकळ्यांवर तपासतात. ठोकळे सदर्न पाइनच्या रसकाष्ठाचे, गाठ-डिंक नसलेले, सेंटिमीटरला २ ते ४ वाढवलये असलेले. वजनात फार फरक असलेले ठोकळे बाजूला काढा. हलका ठोकळा जास्त द्रावण पितो, आणि मग मात्रांची शिडी विस्कटते.

ठोकळे ठरावीक तापमान-आर्द्रतेच्या खोलीत वजन स्थिर होईपर्यंत ठेवून तोला. हे पहिले वजन. मग निर्वात भांड्यात ३० मिनिटे हवा ओढून घ्या, निर्वात न सोडता द्रावण आत घ्या, मग हवा सोडा आणि ठोकळे आणखी ३० मिनिटे बुडालेले राहू द्या. बाहेर काढून पुसा आणि लगेच तोला. मात्रा काढायचे सूत्र: शोषलेले द्रावण (ग्रॅम) गुणिले द्रावणातील औषध (टक्के) गुणिले १०, भागिले ठोकळ्याचे आकारमान (घन सेंटिमीटर). १९ मिमीच्या ठोकळ्याचे आकारमान ६.८६. त्याने एक टक्का द्रावण ४.६ ग्रॅम प्यायले तर मात्रा ६.७ किलो प्रति घनमीटर. किमान पाच मात्रा घ्या, आणि त्यांत एक अशी हवीच की जिथे बुरशी जिंकेल. सगळ्याच मात्रा जिंकल्या तर उंबरठा, म्हणजे बुरशीला अडवणारी किमान मात्रा, कुठे आहे ते कळत नाही आणि चाचणी पुन्हा करावी लागते. हे टाळता येण्याजोगे असूनही वारंवार होते.

बुरशीपुढे ठेवण्याआधी धुवून पाहणे महत्त्वाचे. खांब पावसात उभा राहणार आहे. सहा ठोकळे ३०० मिलि निःक्षार पाण्यात, आधी निर्वाताने पाणी मुरवून, ठेवा. पाणी ६, २४ आणि ४८ तासांनी बदला आणि पुढे दर ४८ तासांनी, असे १४ दिवस. प्रत्येक वेळचे पाणी वेगळे ठेवून त्यातले औषध मोजा. पहिल्या दोन-तीन पाण्यांत भरपूर आणि मग झपाट्याने कमी होत गेले तर औषध बसले आहे. शेवटपर्यंत सारखेच येत राहिले तर ते जमिनीत उभ्या लाकडासाठी नाही. बोरॉन इथे ठरलेला नापास होतो, आणि म्हणूनच नुसत्या बोरॉनचा खांब उघड्यावर उभा करत नाहीत.

बरणी अर्धी मातीने भरा. तिला पाणी इतकेच द्या की बुरशी वाढेल, पण ठोकळा भिजून गच्च होणार नाही. वर पाइनची ३ मिमी जाडीची पट्टी ठेवा, निर्जंतुक करा, पट्टीवर बुरशी पेरा. बुरशीने पट्टी झाकली की निर्जंतुक केलेला ठोकळा त्यावर ठेवून २५ ते २७ अंश तापमानात साधारण १२ आठवडे ठेवा. वाफेने निर्जंतुक करताना उडून जाणारी औषधे निघून जातात, त्यांना दुसरी पद्धत लागते.

कोणती बुरशी घ्यायची हे औषधावरून ठरते. ग्लिओफायलम ट्रॅबियम सर्वसाधारण परीक्षेला. तांबेयुक्त औषधाला पोस्टिया प्लॅसेंटा हवीच. ती ऑक्झॅलिक आम्ल सोडते, तांब्याचे अविद्राव्य ऑक्झॅलेट होते आणि तांबे निष्प्रभ ठरते. क्रिओसोटपुढे निओलेंटिनस लेपिडियस ठेवा, क्रिओसोट सहन करण्याबद्दल तिची ख्याती आहे. रुंद पानांच्या झाडांच्या लाकडासाठी ट्रॅमिटीस व्हर्सिकलर. सोपी बुरशी निवडून औषध पास करणे कोणालाही जमते.

शेवटी ठोकळ्यावरची बुरशी हलक्या हाताने पुसा, आधीच्याच आर्द्रतेत स्थिर करून तोला आणि वजनातली घट टक्क्यांत काढा. बिनऔषधाच्या ठोकळ्याने निम्म्याच्या आसपास वजन गमावलेले असावे. त्याने दहा-पंधरा टक्केच गमावले असतील तर बुरशी मरगळलेली होती आणि औषधाचे सगळे चांगले आकडे रद्द. औषध लावलेले पण बुरशी नसलेल्या बरणीत ठेवलेले काही ठोकळेही हवेत. औषध स्वतःच उडून वजन घटत असेल तर ते त्यांच्यावरून कळते आणि वजा करता येते.

जमिनीतले खुंट

बरणीत एक बुरशी असते. जमिनीत शेकडो जीव, वाळवी, पाऊस आणि ऊन एकत्र येतात. म्हणून पुढची पायरी मैदानातली. अमेरिकी पद्धतीत १९ × १९ × ४५७ मिमीचे खुंट, युरोपीय ईएन २५२ मध्ये ५०० × ५० × २५ मिमीचे. दोन्ही अर्ध्या लांबीपर्यंत पुरायचे. भारतात या जागेला सरळ ग्रेव्हयार्ड म्हणतात, नाव समर्पक आहे. मिसिसिपीत सॉसियरजवळ अमेरिकेच्या वन उत्पादन प्रयोगशाळेने १९३८ पासून असे खुंट पुरले. गरम-दमट हवाई बेटांवर हिलोजवळही चाचणी होते.

प्रत्येक मात्रेचे किमान १० खुंट घ्या. ते एका ओळीत न लावता चिठ्ठ्या टाकून जागा ठरवा, नाहीतर मैदानाच्या ओल्या कोपऱ्यात एकाच मात्रेचे सगळे खुंट जातात. दोन खुंटांत किमान ३० सेंटिमीटर अंतर ठेवा. पुरताना हातोड्याने ठोकू नका, टोक फाटते. आधी खड्डा करा आणि माती घट्ट दाबा, पोकळी राहिली तर लाकडाला माती लागतच नाही. बिनऔषधाचे खुंट आणि ज्याचे वागणे माहीत आहे असे एखादे जुने औषध, बहुधा सीसीए, लावलेले खुंट बरोबर हवेतच.

वर्षातून एकदा, शक्यतो त्याच ऋतूत, तपासा. आधी वरून बाजूला हलका धक्का द्या. आतून गेलेला खुंट तिथेच मोडतो. मग उपटून माती पुसा, बोथट टोचणीने जमिनीच्या पातळीभोवती दाबून पाहा आणि गुण द्या: १० म्हणजे निरोगी, ० म्हणजे मोडला. अमेरिकी मापात ९.५ ही पायरी फक्त शंकेसाठी आहे. युरोपीय माप उलटे, ० निरोगी आणि ४ नापास, त्यामुळे दोन अहवाल शेजारी ठेवताना गोंधळ होतो. दरवर्षी तपासणारा माणूस बदलला तर गुणही बदलतात, म्हणून एका जुन्या तपासनीसाने निदान काही खुंट नव्या माणसासोबत पाहावेत. खुंट परत त्याच खड्ड्यात, त्याच खोलीवर.

उष्ण दमट मैदानात बिनऔषधाचे खुंट दोन-तीन वर्षांत मोडायला हवेत. सहा वर्षे उभे राहिले तर ती जागा चाचणीची नाही. आणि खुंट हा खांब नव्हे. १९ मिमीच्या काठीत चारही बाजूंनी मारा होतो, औषधाचा साठा थोडा. खुंटाची वर्षे खांबाच्या वर्षांत गुणून सांगणारे कोष्टक कोणी दाखवले तर सावध व्हा.

उभ्या खांबात नंतर घातलेले औषध

डग्लस फरचे कवच पातळ, हे वर आले. खांब उभा राहिल्यावर वाळत जातो, भेगा कवच भेदून आत जातात, पाणी आणि बुरशी आतल्या उघड्या लाकडापर्यंत पोचतात. बाहेरून ठणठणीत, आतून पोकळ. हातोड्याने ठोकले की खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज येतो, पण बद्द आवाज येईपर्यंत बराच उशीर झालेला असतो. अशा खांबांत तिरपी भोके पाडून बोरॉनचे काचेसारखे रॉड किंवा वायू सोडणारी औषधे, म्हणजे मेटॅम सोडियम, डॅझोमेट, क्लोरोपिक्रिन, भरतात. ती टिकतात का हे पाहायला ओरेगन स्टेट विद्यापीठाने कॉर्व्हॅलिसजवळ डग्लस फर खांबांचे तुकडे पुरून वर्षानुवर्षे मोजमापे घेतली. पद्धत अशी:

खांबाच्या घेरावर १२० अंशांवर तीन भोके, पहिले जमिनीच्या पातळीला, पुढची प्रत्येकी १५ सेंटिमीटर वर, खालच्या दिशेने ४५ अंशांचा उतार. औषध भरून लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या गुट्टीने घट्ट बंद करा. एक, दोन, तीन, पाच, सात, दहा वर्षांनी निरनिराळ्या उंचींवर, प्रत्येक उंचीला तीन बाजूंनी, १५ सेंटिमीटरच्या कांड्या काढा. औषधाच्या भोकाच्या अगदी शेजारून कांडी घेऊ नका. तिथले आकडे नेहमी भव्य येतात. दोन कांड्यांमध्ये गिरमिट स्वच्छ करा.

कांडीचे बाहेरचे २५ मिमी आणि आतले २५ मिमी वेगवेगळ्या बंद नळ्यांत ५ मिलि इथाइल ॲसिटेटमध्ये ४८ तास ठेवा. उतरलेला मिथाइल आयसोथायोसायनेट, म्हणजे मेटॅम सोडियम आणि डॅझोमेट यांतून सुटणारा वायू, वायुवर्णलेखाने (गॅस क्रोमॅटोग्राफीने) मोजा, मग तुकडे भट्टीत वाळवून तोला. लाकडाच्या ग्रॅममागे २० मायक्रोग्रॅम हा संरक्षणाचा उंबरठा धरतात. कांडीचा मधला भाग क्षणभर ज्योतीवरून फिरवून माल्ट अगारवर, म्हणजे बुरशी वाढवण्याच्या माध्यमावर, ठेवा आणि महिनाभर पाहा. उगवलेली प्रत्येक बुरशी कुजवणारी नसते. सूक्ष्मदर्शकाखाली तंतूंवर जोडाच्या गाठी दिसल्या तर ती बहुधा कुजवणारी जात. रसायन उंबरठ्याच्या वर आणि बुरशी जिवंत, असे एकाच कांडीत आढळले तर आकडा खोटा ठरवण्याआधी पुढच्या वर्षीची कांडी पाहा.

बोरॉनचा उंबरठा आतल्या कुजीसाठी घनमीटरला सुमारे ०.५ किलो बोरिक आम्ल. पण इथे ओल ठरवते. लाकडातील पाणी ३० टक्क्यांच्या खाली असेल तर रॉड विरघळतच नाही आणि वर्षांनंतरही भोकातून जसाच्या तसा निघतो. कांडीची ओल मोजल्याशिवाय बोरॉनचा कमी आकडा कशामुळे आला ते सांगता येत नाही. डॅझोमेटही कोरड्या लाकडात मंद विघटित होतो. त्याला थोडे तांबे नॅप्थेनेट सोबत दिले की वेग वाढतो, आणि हा वाढलेला वेग पहिल्या दोन वर्षांच्या आकड्यांत दिसायला हवा.

मेटॅम सोडियम हाताळताना डोळे झोंबतात, वायूसाठीचा मुखवटा लागतो, कापडी पट्टी चालत नाही. क्रिओसोट लागलेली त्वचा उन्हात भाजते. सीसीएच्या कांड्या आणि भुसा जाळू नका, राखेत आर्सेनिक उरते. कांडी काढलेले प्रत्येक भोक औषध लावलेल्या लाकडी गुट्टीने लगेच ठोकून बंद करा, नाहीतर चाचणीसाठी पाडलेल्या भोकातूनच कूज आत जाते.